उचेची ताटली

उचेन्ना एनवेरे नायजेरियाच्या केंद्र सरकारात मंत्री झाला, ही बातमी मी नेपरव्हिलहून शिकागोला जाताना ट्रेनमध्ये वाचली आणि त्या दिवशी ऑफिसात माझ्या हातून काडीचं काम झालं नाही. लोकांना वाटेल, जुना रूममेट मंत्री झाला म्हणून आनंद झाला असेल. कसला आनंद घेऊन बसलात. मला लाज वाटत होती. वीस वर्षं वाटते आहे, आणि हा माणूस जसजसा वर चढतो तसतशी ती वाढते.

मी दादाराव खोब्रागडे, नागपूरचा, बौद्ध. आज हे छाती काढून सांगतो. पण एमएस करायला पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी आलो तेव्हा आडनाव गिळून टाकलं होतं. नुसतं ‘राव’ सांगायचो. अपार्टमेंटमध्ये त्र्यंबक आणि प्रसाद, दोघं पुण्याचे. त्यांनी आपल्या मनानेच मला तेलंगणाकडच्या कुठल्यातरी बऱ्या घरात बसवलं आणि मीही तिथे मुकाट बसून राहिलो.

तिसरी खोली रिकामी झाली तिथे उचे आला. एनुगूचा वकील, एका वर्षाच्या कायद्याच्या डिग्रीसाठी आलेला. हसला की भिंतीपलीकडचे शेजारी जागे व्हायचे. पहिल्याच महिन्यात माझ्या असिस्टंटशिपचे कागद कुठेतरी अडकले. मी रडकुंडीला आलो होतो. उचेने आपली परीक्षा बाजूला ठेवून डिपार्टमेंटला असं पत्र लिहून दिलं, की चार दिवसांत काम झालं.

त्यानंतर आठवड्याभरात त्र्यंबकने विषय काढला, की हा बीफ खातो, तेव्हा याची भांडी वेगळी हवीत. आता उचेचा शिजवायचा भगोना पहिल्यापासून वेगळाच होता. त्र्यंबक स्वतः दर शुक्रवारी कोंबडीचे पंख चोखत बसायचा. प्रश्न बीफचा नव्हताच यार, प्रश्न ताटलीचा आणि कपाचा होता. पण ताटल्या सगळ्या एकाच सेटमधल्या, पांढऱ्या. ओळखायच्या कशा, म्हणून दोघं डोकं खाजवत बसले.

मी म्हणालो, खालून लाल टेप लावू.

मला कोणी विचारलं नव्हतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी बोललो, ड्रॉवरमधून टेप काढली आणि चिकटवलीसुद्धा. माझ्या बापाला गावच्या हॉटेलात कान तुटलेल्या कपात चहा मिळायचा, आणि पिऊन झाल्यावर तो कप त्यालाच विसळून बाहेरच्या फळीवर ठेवावा लागायचा. तेव्हा ही आयडिया माझ्या डोक्यात कुठून आली, हे सांगायला नको. उचेची बाजू घेतली असती तर त्र्यंबकने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं असतं. तेवढ्याला मी घाबरलो. दुसरं काही कारण नाही, आणि शोधलं तरी सापडत नाही.

उचेला सांगायलाही मलाच पाठवलं, कारण माझं त्याच्याशी जमायचं. मी सांगितलं, आमच्या धर्मात असं असतं. माझ्या धर्मात! त्याने ताटली उलटी केली, टेपवरून अंगठा फिरवला, आणि ठीक आहे म्हणाला. वर्षभर तो त्याच ताटलीत जेवला. स्वतः धुवायचा, खिडकीत वाळत ठेवायचा. मला पूर्वीसारखाच हाक मारायचा, डाडा. मग डिग्री घेऊन निघून गेला.

तेव्हापासून मी त्याला गुगलवर बघतो. आधी बातमी आली ती बाजारातल्या बायकांच्या केसची. नगरपालिकेने त्यांना उठवलं होतं, याने सात वर्षं भांडून जागा परत मिळवून दिली. मग विधानसभा. मग एक लांबलचक मुलाखत, ती मी किचनमध्ये उभ्याउभ्या वाचली आणि खुर्ची ओढून बसलो. त्यांच्याकडे काही घराण्यांना ओसू म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या देवाला वाहिलेली माणसं. त्यांच्याशी कोणी सोयरीक करत नाही, त्यांना गावात मान नाही. उचे त्यातला. बहिणीचं ठरलेलं लग्न त्यावरून मोडलं म्हणून तो वकील झाला होता. म्हणजे लाल टेपवरून अंगठा फिरवताना त्याला आमच्या धर्माची काहीएक माहिती लागत नव्हती. त्याला सगळं पाठ होतं.

एवढं असून मी काय करावं? फुशारकी मारली. तो मंत्री झाल्यावर आमच्या इथल्या आंबेडकरी मंडळाच्या मीटिंगमध्ये सहज बोलून गेलो, की हा आमचा रूममेट. आमची अध्यक्ष हर्षिता, तिशीतली पोरगी, पण कामाला वाघ. तिने शोधून काढलं की एप्रिलमध्ये साहेब कामगार परिषदेसाठी शिकागोत आहेत, आणि माझ्या मानेवर बसून मला ईमेल लिहायला लावलं: भीमजयंतीला प्रमुख पाहुणे म्हणून या. मला वाटलं, उत्तर येणार नाही. तासाभरात आलं. डाडासाठी येणारच, असं त्यात होतं.

पाहुण्यांची ओळख करून देण्याचं काम माझ्या मुलीला मिळालं. संघमित्रा, सोळा वर्षांची. ती वही घेऊन माझ्यासमोर बसली आणि तुमच्या दोघांची एखादी गोष्ट सांगा म्हणाली. विकिपीडियातलं तिला नको होतं. किती विश्वासाने बघत होती. खरं सांगायची ती वेळ होती, आणि माझ्या तोंडातून निघालं, आम्ही एकाच ताटलीत जेवायचो. ती खूश झाली. तिने ते लिहून घेतलं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

पुढचे दहा दिवस मी रोज सकाळी ठरवायचो की आज सांगतो. कार्यक्रमाच्या दिवशी कारमध्ये एवढंच म्हणालो, की ती ताटलीची ओळ काढून टाक, उगाच लांबण लागते. ती म्हणाली, “No, Baba, it’s the best part.” मी गाडी पार्क केली.

कम्युनिटी सेंटरचा हॉल भरला होता. उचे आला, केस पिकलेले, पोट सुटलेलं, हसणं तेच. मला कडकडून भेटला. मग समोरच्या बॅनरकडे, बाबासाहेबांच्या फोटोकडे, बॅनरवरच्या मंडळाच्या नावाकडे बराच वेळ बघत राहिला. हर्षिता त्याला आम्ही कोण, आमचे आईबाप कुठून आले, ते समजावत होती. तो ऐकत होता, आणि मध्येच त्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

संघमित्रा माइकसमोर उभी राहिली. छान बोलली. बाजारातल्या बायका, बहिणीचं लग्न, मंत्रिपद, सगळं नीट मांडलं. शेवटी तिने सांगितलं, की वीस वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियात हे दोन तरुण एकाच ताटलीत जेवायचे, कारण दोघांनाही ठाऊक होतं की वेगळी ताटली म्हणजे काय. टाळ्या थांबेनात. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मनापासून वाटत होतं.

उचे उठला. माइकशी जाऊन त्याने संघमित्राच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, ही मुलगी म्हणते ते खरं आहे. त्या घरात हिचा बाप माझा मित्र होता. आणि भाषण पुढे गेलं. दीडशे माणसांसमोर त्याने मला झाकलं.

जेवताना तो ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. संघमित्रा त्याच्यासाठी पाणी घेऊन आली होती, ती एक पाऊल मागे होती. त्याला दिसली की नाही, मला माहीत नाही. तो हळूच, अजिबात न रागावता म्हणाला,

“डाडा, त्या दोघांना मी केव्हाच माफ केलं. म्हटलं, यांना काय कळतंय. तुलाही त्यांच्यातच धरलं होतं. आज इथे आल्यावर समजलं, की तुला कळत होतं.”

मी सॉरी म्हणालो की नाही, आठवत नाही. बहुतेक नाहीच म्हणालो. हर्षिता फोटोसाठी त्याला घेऊन गेली.

संघमित्राने माझा दंड धरून मला बाहेर पार्किंगमध्ये नेलं आणि विचारलं, ते काय म्हणत होते. मी सगळं सांगितलं. आडनाव, त्र्यंबक, टेप, माझा बाप, सगळं. एकदाही तिच्याकडे न बघता सांगितलं. ती माझं संपल्यावर मराठीत बोलली, एरवी बोलत नाही.

“म्हणजे मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले.”

“तुझी काही चूक नाही, बेटा.”

“आणि तरी ते हो म्हणाले.”

“हो.”

“तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात? एकदा तरी? वीस वर्षांत?”

मी नाही म्हणून मान हलवली. वाटलं, आता रडेल, ओरडेल, कारमध्ये जाऊन बसेल. तिने डोळे पुसले, ड्रेस नीट केला आणि उचेची माफी मागायला एकटी आत गेली. येता का, असं मला विचारलंही नाही.