रेड्याच्या शिंगात उरलेली दारू

दारू पेटली नाही.

हे वाक्य तुमच्या हाती चुकून पडले. ते परत द्या. दारू अजून शिंगात आहे, शिंग अजून खुंटीला आहे, निखारा अजून चुलीतच आहे, असे धरून आपण निमूट आश्विनाकडे वळू.

आश्विन. निवळेवाडीच्या माथ्यावर सह्याद्रीची निळी, निश्चल, निःशब्द लाट. पायथ्याशी पिकल्या भाताचे पिवळे, पवनचंचल पाणी. आणि मधे जांभ्या दगडाचे उघडे पठार, सडा. ताम्रवर्ण, तृणविरळ, उन्हाने भाजलेला, पावसाने कोरलेला, पुन्हा उन्हाने भाजलेला. ऊन कोवळे नव्हते, जूनही नव्हते. वर्षश्राद्धाला आलेल्या दूरच्या पाहुण्यासारखे ते दारात अवघडून उभे होते, कुठे बसावे ते न कळून.

सड्याच्या कडेला बुधाजी गवसाचे घर. घरात बुधाजी, त्याची बायको आनंदी, आणि खुंटीला रेड्याचे वळणदार, धूम्रश्यामल शिंग. शिंगात दारू. पिण्याची नव्हे, ठासणीच्या बंदुकीची. काळी, कणीदार, गंधकगंधी. ती कोणी भरली, कधी भरली, हे सांगू शकणारी माणसे केव्हाच मातीत मिसळली होती.

गेल्या आश्विनापर्यंत या घरात लवूही होता. बुधाजीचा मुलगा. भाताच्या लोंबीसारखा सडपातळ, हसताना एका बाजूला कलणारा.

तेव्हा डुकरे भात तुडवत होती. शेती राखायच्या बंदुकीचा परवाना बापाच्या नावाचा, खांदा मुलाचा. खळ्यात बसून लवू बंदूक ठासत होता. मावळतीचे केशर त्याच्या मनगटावर सांडले होते.

“जुनी आसा रे ती,” बुधाजी म्हणाला, पान लावता लावता. “जीव ऱ्हवलो नाय तिच्यात. अर्धा माप वाढव.”

लवूने वाढवले. आज्ञाधारक मुलगा.

नळी फुटली.

डुक्कर त्या सांजेला आलेच नव्हते. ते बाराव्या दिवशी आले, पोटभर भात खाऊन गेले, आणि झाल्या प्रकाराबद्दल त्याने कोणापाशी चौकशी केली नाही.

पंचनाम्यात नळी गंजलेली निघाली. पंचांनी नळीला दोष दिला, पोलिसांनी दिला, पाहुण्यांनी चहा घेता घेता दिला. नळी बिचारी फुटलेली. तिला बाजू मांडता येईना. बंदूक ठाण्यात जमा झाली. लवू राख झाला. शिंग खुंटीवर राहिले.

आणि बुधाजीच्या बरगड्यांत एक प्रश्न राहिला. दिवसा सुपारीएवढा, सांजेला नारळाएवढा. दारू मेलेली होती की जिवंत? मेलेली असेल, तर वाढवलेल्या अर्ध्या मापाने काहीच केले नाही. नळीने केले, गंजाने केले, विधात्याच्या आळसाने केले. पण जिवंत असेल, तर बापाने केले. पान लावता लावता.

उत्तर शिंगात होते. ओंजळभर उरले होते.

पाऊस आला. पाऊस राहिला. पाऊस गेला. शिंगाच्या पोटात ते काळे उत्तर कोरडे, कणीदार, मुके बसून होते. बुधाजी उठता त्याच्याकडे बघे, बसता त्याच्याकडे बघे, आणि मग तंबाखूत चुना जास्त घाली.

जुन्या दारूचे करायचे काय, याबाबत वाडीत मतांची टंचाई नव्हती.

“वांग्याक घाला, तात्यानू,” शेजारचा सगुण धुरी म्हणाला. “वांगी अशी धरतली, की तेंचो वेगळो परवानो काढूक लागतलो.”

“माका दिया,” त्याचा थोरला भाऊ म्हणाला. “हिरीत सुरुंग लावतंय.”

“तुझ्या हिरीत पाणी नाय. सुरुंग लावून धूळ काढतलस?”

“धूळ तरी माझी आसात मा!”

दोघे हसले. बुधाजी हसला नाही. त्याचे डोळे सड्याच्या त्या टोकाकडे लागले होते, जिथे दगड संपतो आणि आभाळ नुसतेच सुरू होते.

“माका ती पेटवून बघूक होयी,” तो म्हणाला. “लवूचा वर्षश्राद्ध झाला, की सड्यावर नेतंय.”

“कित्याक?”

“बघूक.”

आनंदीने हे चुलीपुढून ऐकले. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली; एका अंगाने पांढरी, एका अंगाने काळी. कारण ‘अर्धा माप वाढव’ हे वाक्य तिनेही ऐकले होते. गेल्या आश्विनात, याच चुलीपुढून, अशीच भाकरी थापता थापता. वर्षभर तिने ते जिभेखाली ठेवले होते, तापलेल्या खड्यासारखे. गिळले नव्हते, थुंकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बुधाजी कापणीला गेला. आनंदीने शिंग उतरवले. न्हाणीच्या मागे अळूचा ओला, छायाश्यामल वाफा होता. तिथे तिने खड्डा खणला, दारू ओतली, माती लोटली, वर घंगाळभर पाणी ओतले. मग चुलीतले कोळसे पाट्यावर घेतले. वरवंटा गेला, वरवंटा आला. कोळसा काळा, पाटा काळा, बोटे काळी, दुपार काळी. वरवंटा गेला, वरवंटा आला. एका बाईने आपल्या नवऱ्याचे निर्दोषत्व वाटून बारीक केले, शिंगात भरले, बूच लावले आणि शिंग होते तसे खुंटीला टांगले.

श्राद्धापर्यंत अळू हत्तीच्या कानांएवढा झाला. पानांवर पाणी ठरेना. मोत्यांसारखे थेंब इकडून तिकडे धावत, जणू तेही बातमी पोचवायला निघाले होते. श्राद्धाला त्याच अळूचे फतफते झाले. सगुणने तीनदा मागून घेतले.

“वैनी, अळवाक काय घातलात गो?”

“काय नाय रे. जुना कायतरी पडलेला, ता घातलंय.”

बुधाजी मान खाली घालून जेवत होता. त्यानेही वाढून घेतले.

मग तिसरा प्रहर कलला. सडा तांबूस झाला, डोंगर जांभळा झाला, आणि दोन म्हाताऱ्या सावल्या जांभ्यावरून लांबत गेल्या. पुढे शिंग घेतलेला बुधाजी. मागे करवंटीत निखारा घेतलेली आनंदी.

त्याने शिंग उलटे केले. भुकटी दगडावर सांडली. त्याने चिमूटभर उचलली, अंगठ्याने तर्जनीवर चोळली.

जन्मभर दारू ठासलेली बोटे ती. दारू कणीदार, हे पिठासारखे मऊ. दारूला गंधकाचा उग्र, कुबट वास. याला घराचा, चुलीचा, भाकरीचा. बोटांना कळले. नाकाला कळले. बरगड्यांतल्या प्रश्नाने मान वर करून पाहिले, आणि त्यालाही कळले.

बुधाजीने बायकोकडे पाहिले. ती मावळत्या सूर्याकडे बघत होती. सूर्यात नवीन काही नव्हते.

त्याने सांडलेली भुकटी तळव्याने एकत्र केली.

“निखारो दी,” बुधाजी म्हणाला.

तिने करवंटी पुढे केली. त्याने तिचा हात मनगटापाशी धरला, आणि दोघांनी मिळून निखारा भुकटीवर ठेवला. काठ क्षणभर लालसर झाला, कंटाळला, विझला.

“मेलेली गो,” बुधाजी म्हणाला.

“मेलेलीच.”

“कधी मेली आसतली?”

“खूप आदी,” आनंदी म्हणाली. “खूप आदी मेलेली वो ती.”

तेव्हा तो जांभ्यावर बसला आणि रडला. वर्षभर अडलेले ते पाणी, दगडाच्या छिद्राछिद्रांत भरत गेले. तिने पदराने आधी त्याची बोटे पुसली, मग डोळे.

सबब, मेहेरबान तहसीलदारसाहेबांचे सेवेशी विनंती अर्ज, की मौजे निवळेवाडी येथील बुधाजी गवस यांचे शिंगातील दारू वार्धक्याने मयत झाली असून, तिच्या मृत्यूचा दाखला देण्यात यावा. अंत्यदर्शन उभयतांनी घेतले आहे. प्रेत उपलब्ध नाही. त्याबाबत चौकशी होऊ नये. आणि दाखल्यावर तारीख घालताना ती कै. लवू बुधाजी गवस याच्या तारखेच्या आधीची घालावी. फार आधीची नको. एक दिवस आधीची चालेल. एक दिवस पुरे.