चार बोटं बाहेर

आमच्या फियाटमध्ये टेप बसला त्या उन्हाळ्यात रेवा चौदा महिन्यांची होती. तिला अजून चालता येत नव्हतं, टेपला थांबता येत नव्हतं, आणि घरात कौतुक मात्र टेपचं होतं.

गाडी जुनीच. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी वापरून सोडलेली, पांढरी, दारं नीट लागणारी. ती घ्यायला मीच होकार दिला होता, कारण फाल्गुनात रेवाला तापात आकडी आली होती. डोळे फिरवून ती लाकडासारखी ताठ झाली आणि जळगावच्या भर वस्तीत आम्हाला रिक्षा मिळेना. त्यानंतर मला दारात गाडी हवी होती आणि गाडीत डावीकडच्या कप्प्यात तिचं औषध, थर्मामीटर, एक सुती पंचा. एवढंच. तो कप्पा मी कापडाने पुसून घेतला होता. यांना तोच कप्पा टेपसाठी हवा होता.

यांची पाइपांची एजन्सी. शेतकऱ्यांना ठिबकच्या नळ्या विकता विकता यांना मुंबईचा एक व्यापारी भेटला आणि त्याच्याकडून हे जपानी सेट घेऊन आले. वर कॅसेट, खाली इक्वलायझर, त्यावर हिरव्या-लाल दिव्यांच्या पट्ट्या नाचणाऱ्या. बैठकीत टीपॉयवर रुमाल घालून त्याची स्थापना झाली. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं. रेवाच्या बारशाला आलेले नव्हते इतके लोक तो सेट बघायला आले. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती.

"अखाजीला तुझ्या माहेरी हा गाडीत बसवूनच जायचं," हे म्हणाले. "सोनगीरच्या फाट्यापासून गावाला कळलं पाहिजे, जावई आले."

"आणि मी?"

"तू असशीलच की गाडीत."

बसवायचा कुठे, तर धुळ्याला, रतिलालकडे. जळगावात म्हणे तसा हात नाही. रतिलालचं हायवेलगत पत्र्याचं दुकान. ट्रकवाल्यांना कर्णे आणि लग्नाच्या जीपना रंगीत दिवे लावता लावता तो आता मोटारींचा संगीतकार झाला होता. मी रेवाला घेऊन स्टुलावर बसले आणि डोळ्यांदेखत माझा कप्पा गेला. आधी झाकण उपटलं. मग ड्रिलने भोकं पाडली, भोकाभोकांतून हेक्सा करवतीचं पातं घातलं, आणि जिथे पातं वळेना तिथे छन्नी आणि हातोडी. पत्रा ओरडला की रेवा दचके. हे मात्र कमरेवर हात ठेवून असे उभे होते, जणू देवळाचा कळस चढतोय.

सेट आत सरकवला आणि अडला.

"मागं पत्रा येतो," रतिलाल म्हणाला. "पूर्ण आत नाही जाणार. चार बोटं बाहेर राहील."

"मग?" हे जरा घाबरले.

"मग काय? उलट इम्पोर्टेड वाटतं. एवढी वस्तू आत दडवायची कशाला, भाऊ?"

लगेच यांना पटलं. माणसाला पटायचंच असलं की फार बोलावं लागत नाही.

मी उठले आणि पुढच्या सीटवर बसले. रेवाला रोजच्यासारखं मांडीवर घेतलं. सेटचा खालचा कोपरा बरोबर तिच्या कपाळासमोर आला. तिने लगेच जीभ काढून त्याला चाटायला मान पुढे केली. कोपऱ्याखाली कापलेल्या पत्र्याचे दात दिसत होते.

"याला कानस मारणार ना?" मी विचारलं.

"वहिनी, वरून फ्रेम येते. कड दिसत नाही."

"दिसण्याचं नाही, लागण्याचं म्हणतेय मी. ब्रेक दाबला तर पोरीचं डोकं इथे येतं."

"तिचं बी.एस्सी. झालंय, रतिलालभाई," हे हसत म्हणाले. "तिला फुग्यालासुद्धा कोपरे दिसतात."

दोघे हसले. त्या दिवशी मला कळलं की दोन पुरुषांना मित्र व्हायला मधे एका बाईचं बोलणं पुरतं.

"मग मी मागे बसत जाईन," मी म्हटलं.

मागच्या सीटवर तोवर दोन खोकी चढली होती, काळ्या कापडाची, प्रत्येकात ताटाएवढा स्पीकर. उरलेल्या जागेत एक माणूस बसला असता, जर त्याला पाय नसते.

"मागे?" यांचं हसू गेलं. "मी सासुरवाडीत शिरणार आणि बायको मागे? लोक मला ड्रायव्हर समजतील."

परतीच्या वाटेवर पारोळ्यापर्यंत मी उजवा तळहात रेवाच्या कपाळावर ठेवून बसले. हे गाण्याबरोबर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. हात अवघडला म्हणून मी डावा लावला. यांनी विचारलं, "डोकं दुखतंय का तिचं? आवाज कमी करू?" मी हो म्हटलं. यांनी केला, एरंडोलच्या चढापर्यंत.

घरी मी खूप सांगून पाहिलं. सेट काढा म्हटलं नाही, पट्टीने मोजून दाखवलं. हे म्हणाले, मी ब्रेक जोरात दाबतच नाही. रस्त्यावरच्या गाई-म्हशींनी याची नोंद घेतली असेल तर मला माहीत नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आम्ही बैलगाडीतून पोरं आणली." बैलगाडीला टेप नव्हता, असं म्हटलं असतं, पण त्यांच्या डोळ्यांत खरंच काळजी नव्हती, नुसता कंटाळा होता, आणि कंटाळ्याशी भांडता येत नाही.

मग मी एक गोष्ट केली. यांनी माहेरी आधीच निरोप धाडला होता की यंदा मुराळी पाठवू नका, मीच गाडीने आणतो. आमच्याकडे अखाजीला लेकीला न्यायला माहेरचा माणूस येतो, भाऊ नाहीतर काका. आणि दारात आलेल्या मुराळ्याला रिकामं परत पाठवणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. सासूबाईंनी आयुष्यात चारचौघांत अनेकांना बोल लावले, पण मुराळी कधी रिकामा पाठवला नाही. सोनगीरचा एक कंडक्टर आमच्या वाटेच्या एस.टी.वर असतो. मी रेवाला कडेवर घेऊन स्टँडवर गेले आणि त्याच्या तोंडी उलटा निरोप दिला. वनाआबांना पाठवा.

वनाआबा म्हणजे माझे थोरले काका. गावात कुणाच्या विहिरीला पाणी लागलं तरी ते आधी चव घेऊन नावं ठेवतात.

अखाजीच्या आदल्या दिवशी ते जळगावच्या स्टँडवर उतरले. यांना वाईट वाटलं, पण थोडंच. कारण आणायला जायला गाडी होती, आणि गाडीत टेप होता. दुपारचं ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी. हे मुद्दाम काचा उघड्या ठेवून, आवाज चढवून गेले.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण दोघांनीही मला सांगितलं, आणि दोघांचं सांगणं फक्त आवाजात वेगळं होतं. आबा पुढे बसले. एका हातात सांजोऱ्यांचा डबा, मांडीवर पांझरा नदीच्या वाळूतलं डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज. अखाजीला पितरांच्या घागरीवर ठेवायला आईने निवडून दिलेलं, पिवळं, सुगंधी, लहान मुलाच्या डोक्याएवढं. यांनी त्यांना दिव्यांच्या पट्ट्या दाखवल्या. मान वळवून दाखवल्या, म्हणून समोरची रिक्षा यांना उशिरा दिसली.

यांनी ब्रेक दाबला. तो जोरातच दाबला.

मी दारात उभी होते. गाडी आली तेव्हा गाणं बंद होतं. आबा उतरले. धोतरावर, सदऱ्यावर, मिशांवर डांगराचा रस आणि बिया. तसेच ते ओसरीवर आले आणि सासूबाईंच्या पुढ्यात डांगर ठेवलं. कोपरा लागून ते मधोमध फुटलं होतं. एका कडेला पत्र्याने सालीची पट्टी सुरीने सोलावी तशी सोलून काढली होती.

"हाई काय?" सासूबाई दचकल्या. घागरीवरचं डांगर फुटकं चालत नाही.

"हाई डांगर शे, विहीणबाई," आबा म्हणाले. "मना मांडीवर व्हतं. पोर जठे बठस, तठे."

रेवा माझ्या कडेवरून खाली वाकली आणि फुटलेल्या डांगराकडे हात करून "बा" म्हणाली. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

"आबा, रिक्षावाला एकदम आडवा आला," हे म्हणाले.

"येनारच, भाऊ. रस्ता त्याना बी शे." आबांनी मिशीतली बी काढून अंगणात टाकली. "तुम्हना डबा भारी शे. वाजस बी भारी. फक्त माले एक सांगा, गाडीमा पोरनी जागा कोठे शे?"

"तिच्या आईच्या मांडीवर," हे म्हणाले, आणि म्हणता म्हणता गाडीच्या पुढच्या सीटकडे वळून पाहिलं.

सासूबाईंनी एकदा डांगराकडे पाहिलं, एकदा नातीकडे. कबूल काही केलं नाही. तो त्यांचा स्वभाव नाही. पदर खोचून उठल्या आणि म्हणाल्या, "मुराळी आलाय. सून त्याच्याबरोबर जाईल, रीत आहे ती. तू मग ये तुझं वाजंत्री घेऊन."

बी.एस्सी.च्या पट्टीने जे मोजून झालं नाही ते एका फळाने झालं. मला आनंद झाला नाही. माझ्या शब्दाची किंमत डांगराहून कमी आहे हे कळल्यावर कुणाला आनंद होतो?

आम्ही एस.टी.ने गेलो. एरंडोल, पारोळा, धुळे, मग दुसरी गाडी. गर्दी होती, माहेरवाशिणींनीच भरलेली, पण खिडकीला लाकडी दांडा होता आणि आबांनी त्यावर आपला गमछा गुंडाळला. रेवा त्यावर गाल ठेवून झोपली.

अखाजी झाली. झोके झाले, गौराईची गाणी झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फाट्याकडून ढमढम ऐकू आलं. गावाला कळलं, जावई आले. पोरं धावली. शेजारच्या ओट्यावरच्या कमलबाईंनी गाडीत डोकावून आधी विचारलं, "भाऊ, लेक एस.टी.नं आली अन् गाणं गाडीनं आलं का?" त्या ढमढमीतही अख्ख्या गावाला ऐकू गेलं ते एवढं एकच वाक्य. यांनी आवाज बंद केला.

माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तुझं ऐकलं बरं का. सेट काढला पुढून."

माझ्या मनात काहीतरी सैल झालं. मी गाडीकडे गेले.

सेट खरंच पुढे नव्हता. दोन सीटांच्या मधे खोका ठोकून त्याचं तोंड मागे वळवलं होतं, आता मागच्यांना दिवे दिसावेत म्हणून. आणि पुढे, जिथे माझा कप्पा होता, तिथे भलंमोठं भोक. चारी बाजूंनी पत्र्याचे दात तसेच, उलट आता उघडे.

"कानस?" मी विचारलं.

"रतिलाल म्हणाला, पुढच्या आठवड्यात झाकण करून देतो."

आबा मागून आले. भोकात हात घातला, जपून बाहेर काढला.

"डबा गया, भाऊ. दात राही गयात."

त्यांनी घरातून कानस आणली, विळ्याला धार लावायची. अर्धा तास पत्रा घासला. तरी त्यांचं समाधान होईना. मग आईने जुन्या लाल-हिरव्या लुगड्याची सहा पदरी गोधडी घेतली, कापली, दुमडली, आणि आबांनी रतिलालच्याच ड्रिलच्या भोकांतून सुतळी ओवून दाभणाने ती डॅशबोर्डाला शिवून टाकली. कडेने आईचे टाके, बारीक, सरळ. मधे एक खिसा सोडला. मी त्यात औषध ठेवलं, थर्मामीटर ठेवला.

हे बघत होते. चेहरा असा, जणू गाडीला कुणी चोळी शिवली.

"आबा, मी धुळ्यातून असा जाऊ?"

"नका जाऊ. एस.टी. शे ना."

हे गेले. म्हणजे आम्ही गेलो. मी पुढे, रेवा मांडीवर, समोर गोधडी. मागे दिवे नाचत होते आणि बघायला कुणी नव्हतं. धुळं जवळ आलं तसं हे म्हणाले, "जरा पदर टाक ना त्यावर. रतिलालचं दुकान येईल."

"पदर पोरीवर आहे," मी म्हटलं.

आणि नेमका दुकानासमोर एक ट्रक उलटा वळत होता. यांनी ब्रेक दाबला. रेवा पुढे गेली. माझा हात पोचायच्या आधी तिचं कपाळ गोधडीवर टेकलं, मऊ, आवाजही झाला नाही. तिने डोळे उघडले नाहीत. तोंड हलवलं आणि तशीच झोपून राहिली.

रतिलाल हात पुसत खिडकीशी आला. आधी त्याने मागे पाहिलं, खूश झाला. मग पुढे पाहिलं.

"भाऊ, हे काय बसवलं?"

हे समोरच्या ट्रककडे बघत राहिले, जणू त्याचा नंबर पाठ करायचा होता. मी रेवाच्या डोक्यामागून हात काढून घेतला. त्या उन्हाळ्यात गाडीत बसल्यावर पहिल्यांदाच माझे दोन्ही हात मोकळे होते.

"इम्पोर्टेड आहे," मी म्हटलं. "म्हणून बाहेर ठेवलंय."