सिर्काचा खोकला आणि माझा

सिर्का आणि मी जुळ्या. नाक, डोळे, आवाज, हसताना पडणारी खळीसुद्धा एकाच साच्यातली. फरक पडला तो कामात. तिनं गावातली बेकरी चालवायला घेतली, मी टपालखात्यात लागले. ती पहाटे चारपासून पिठात, मी सायकलवरून तळ्याकाठच्या घरांना पत्रं वाटत. अशी तीस वर्षं गेली.

पन्नाशी उलटल्यावर तिला खोकला लागला. पीठ चाळलं की शिंका, दुपारपर्यंत छातीत शिट्टी वाजायची.

"नाटकं आहेत तुझी," मी म्हणायचे. "आपलं रक्त एक. मला काही होत नाही, मग तुलाच कसं होतं गं?"

"एक वर्ष पिठात उभी राहा, मग बोल."

"राहीन की! घाबरते का काय!"

शेवटी ती डॉक्टर सारेलाबाईंकडे गेली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "जुलैच्या सुट्टीत तळ्यावर असता तेव्हा खोकता?"

"एकदाही नाही."

"आणि कामावर परतल्यावर?"

"पहिल्याच दिवशी सुरू."

हातावर पिठाच्या अर्काचा थेंब टाकून टोचलं, तर गांधील चावावी तशी गांध उठली. दमा, आणि तोही पिठाचा. पंप मिळाला, भट्टीची खोली तिला बंद झाली. सिर्का बाहेर गल्ल्यावर बसली, आणि मी नोकरी सोडलेलीच होती, म्हणून तिचा एप्रन मी बांधला.

पहिला हिवाळा मजेत गेला. माझे वेलदोड्याचे गोड पाव तिच्यापेक्षा चांगले होतात असं दोघातिघांनी सांगितलं, तेही मी तिला रोज ऐकवलं. दुसऱ्या हिवाळ्यात मला शिंका सुरू झाल्या. मग खोकला. सांगायची लाज वाटे, म्हणून मी पोत्यांच्या आड जाऊन खोकायचे.

"कोण खोकतंय गं आत?" सिर्का बाहेरून ओरडली.

"रेडिओ आहे!"

"रेडिओला दमा झालाय वाटतं! चल, त्याला डॉक्टरकडे नेऊ."

माझ्याही हातावर तशीच गांध उठली. सिर्काचा चेहरा असा फुलला की डॉक्टरबाईंनाही हसू आलं.

"म्हणजे हे आमच्या रक्तातच होतं?" मी विचारलं.

"कल होता, जनुकांतून आलेला, दोघींना सारखाच," त्या म्हणाल्या. "पण कल म्हणजे आजार नव्हे. तुम्ही तीस वर्षं मोकळ्या हवेत सायकल चालवलीत, म्हणून तो झोपून राहिला. ह्यांचा पिठानं जागा केला. तुम्हीही पिठात आलात आणि तुमचाही जागा झाला. नुसता कल किंवा नुसतं पीठ असतं, तर बहुधा इतकं झालं नसतं."

"ऐकलंस?" सिर्का मला कोपरानं ढोसत म्हणाली. "नाटकं म्हणे!"

मी तिथंच तिची माफी मागितली. तिनं ती पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं मागायला लावली.

"पण आता पाव भाजायचा कुणी?" मी म्हटलं.

बाहेर बाकावर तिचा नवरा रेयो पेपर वाचत बसला होता. आम्ही दोघी एकदमच त्याच्याकडे वळलो.

"मी?" तो दचकला. "मला अंडंसुद्धा उकडता येत नाही!"

"तुझं रक्त वेगळं आहे," सिर्का म्हणाली. "ऊठ."

डॉक्टरबाईंनी मात्र बजावलं: वेगळ्या रक्तालाही दमा होऊ शकतो, तेव्हा धूळ कमी करा. मग पीठ मळायचं झाकणाचं यंत्र आलं, खिडकीत धूळ ओढणारा पंखा बसला, रेयोच्या तोंडावर मास्क चढला. दारात उभं राहून आम्ही दोघी त्याला एकाच वेळी उलटसुलट सूचना द्यायचो.

त्याचा पहिला काळा पाव, राय नावाच्या धान्याचा, वुओक्कोबाईंनी नेला. आमच्या जुन्या शिक्षिका त्या. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, "रेयो, सुरी मोडली रे माझी."

"सूपमध्ये भिजवायचा, बाई."

"भिजवला. सूप संपलं, पाव तसाच!"

वसंतापर्यंत पाव मऊ झाला. जूनमध्ये तर वुओक्कोबाई दोन दोन न्यायला लागल्या. माझा खोकला थांबला. सिर्काला पंप लागतो, पण पूर्वीच्या निम्मा. रेयो आता कुणाचं ऐकत नाही. आम्ही भट्टीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की आतून ओरडतो, "ए, पिठाच्या बायका, बाहेर व्हा!"

आणि आम्ही हसत गल्ल्यावर परततो. तिथं निम्म्या गिऱ्हाइकांना अजून कळत नाही की पैसे सिर्काला दिले की मला.