अंगातून निघालेलं तूप

निघोज्याच्या मारुतीपुढं दिवेलागणीला मुंगी शिरायला जागा नसे. मधोमध पितळी परात, परातीत कढत पाणी, पाण्यात कुणाचे तरी भेगाळलेले पाय आणि पायांपुढं मेदहारी बाबा. बाबा डोळे मिटून पुटपुटत नडगीवरून लांब नखांचे हात फिरवायचे आणि कंदिलाच्या उजेडात पाण्यावर तुपाचे पिवळे थेंब तरंगायला लागायचे. बायका हात जोडायच्या. ज्यांच्या पानात सणावारालासुद्धा तूप पडायची मारामार, त्यांच्या अंगातून तूप निघत होतं! आणि हे कुणालाच खटकत नव्हतं.

तिकडं पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. सायकलीनं जाता येईल एवढ्या अंतरावर पेनिसिलिन तयार होत होतं आणि इकडं हा परातीतला दवाखाना जोरात चालला होता. मी चाकणची डॉक्टरीणबाई. माझ्या बाकावर माश्या बसायच्या.

बाबांचं प्रवचन पाठ होण्याइतकं सोपं होतं. मेद म्हणजे मळ. सांध्यात शिरला की वात, रक्तात शिरला की ताप, डोळ्यावर चढला की साय आणि अंधारी. तेव्हा तेल सोडा, तूप सोडा, दूध सोडा, शेंगदाण्याला शिवू नका. कोरडं खा, म्हणजे हलके व्हाल. हलके व्हाल हे मात्र खरं होतं. गावातल्या बायकांच्या हातात बांगड्या टिकेनात. घरोघरचं तेल आणि शेंगांची पोती देवळात जमा झाली. ‘मेद जाळायला’ म्हणून बाबांचा चेला ती गाडीत घालून आळंदीच्या बाजाराला नेई. घरात उरलेली पेंड आणि जवस लोकांनी बैलांना घातलं. त्या दिवसांत गावात तुकतुकीत दिसायचे ते बैल आणि बाबा.

धर्माजीची शकू सात वर्षांची. दिवस मावळला की उंबऱ्याला अडखळून पडायची. तिची आई सारजाबाई नवऱ्याला चोरून तिला माझ्याकडं घेऊन आली. मी पापणी वर केली. बुबुळाशेजारी साबणाच्या फेसासारखा डाग होता आणि डोळा कोरडा पडत चालला होता. मी सारजाबाईला समजावून सांगितलं की ही मेदाची साय नाही, ही पोटाची उपासमार आहे. पाल्याच्या भाजीत डोळ्याचं औषध असतं, पण तेलाशिवाय ते अंगी लागत नाही. महागाचं काही नको. भाजीला तेलाची फोडणी घाल, भाकरीबरोबर जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी दे, खिशात मूठभर शेंगदाणे घाल. बैलापुढं टाकता त्यातलंच थोडं पोरीला दे. आणि माशाच्या तेलाची बाटली दिली, कारण आता चटणीपर्यंत थांबायला वेळ नव्हता.

धर्माजी माळकरी. घरात माशाचं तेल बघून त्यानं बाटली उकिरड्यावर फेकली आणि दवाखान्यात येऊन मला सुनावलं, “बाई, बाबा साय उतरवत्यात. तुमी तेल पाजून पोरगी आंधळी कराल.”

मी दोनदा त्याच्या दारात गेले. दोन्ही वेळा त्यानं मला अंगणातूनच परत पाठवलं. पुढच्या खेपेला सारजाबाई आली ती रडतच. शकूचा उजवा डोळा उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा झाला होता. बाबा म्हणाले होते, साय आता सुटायला लागली आहे.

माझं डोकं फिरलं. तशीच उठून निघोज्याला गेले. आदल्या दिवशीची परात देवळामागं न घासता पडली होती. कडेला पांढरं, रवाळ काहीतरी गोठलेलं. हुंगलं, तर डब्यातल्या वनस्पती तुपाचा वास. बाबांची नखं एवढी लांब का, ते तेव्हा कळलं.

संध्याकाळी परातीपुढं मीच जाऊन बसले. “महाराज, माझ्या अंगातला मळ काढा,” म्हटलं. बाबा खूश झाले. शिकलेलं गिऱ्हाईक रोज कुठलं मिळायला? त्यांनी हात पुढं केले, तशी मी कढत पाण्याचा तांब्या उचलला. पाहुण्याच्या हातावर पाणी घातल्याशिवाय आपल्याकडं त्याला गूळसुद्धा देत नाहीत, मग सेवा कशी घेऊ?

बाबा म्हणाले, त्यांचे हात गंगेनं धुतले आहेत. गावातला म्हातारा कोंडाजी भाबडेपणानं म्हणाला, “घ्या की महाराज. रीत हाय आमची.”

रिकामी परात सारजाबाईनं धरली. मी बाबांच्या बोटांवर पाणी ओतलं आणि परातीत कुणाचाही पाय नसताना थेंब तरंगायला लागले. मग रिठ्यानं नखांच्या आतून त्यांचे हात घासले, दुसऱ्या परातीत नवं पाणी घेतलं, त्यात माझे पाय बुडवले. “आता काढा.” बाबांनी नडगी लाल होईपर्यंत चोळली. पाणी नितळ राहिलं.

“नखातलं तूप रं!” कुणीतरी ओरडलं. सारजाबाईच्या हातातली परात बघायला लोक तुटून पडले. बाबांच्या पाठीत पहिली चप्पल कोंडाजीची बसली. चेला केव्हाच पसार झाला होता. सगळे हसत होते. इतका वेळ माना डोलावणारे सगळ्यांत मोठ्यानं हसत होते.

शकू आईच्या पदराला धरून उभी होती. “आये, कुठं हाय तूप? मला बी दाव की.”

सारजाबाईनं परात तिच्या तोंडापुढं धरली. तिला दिसेना. तिनं पाण्यात हात घातला, चाचपला, बोटं नाकाशी नेली. हसणं थांबलं. धर्माजीनं पुढं होऊन तिची बोटं आपल्या धोतराला पुसली.

डावा डोळा वाचला. माशाचं तेल धर्माजीनंच माळ काढून ठेवून तिला पाजलं, भाजीला फोडणी बसायला लागली. उजवा गेला तो गेला. पुढच्या जत्रेपर्यंत लोक म्हणायला लागले, हा बाबा लबाड निघाला, पण पलीकडच्या गावात एक आलाय, तो खरा आहे.

त्यांना आणि तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. बाबांना हात जोडण्याआधी विचारा, ज्या अंगात तूप कधी गेलंच नाही, त्यातून ते निघेल कुठून? हे विचारायला शाळा लागत नाही. निघोज्यात कुणी विचारलं नाही, आणि शकू आता एका डोळ्यानं भाकरी भाजते.