गुलाब, पिवळी कण्हेर आणि माझ्या पात्यावरचा चीक

मी छाटणीची कात्री. तळहाताएवढी, लाल मुठींची, मध्ये स्प्रिंग असलेली. आजवर दुसऱ्यांच्या फांद्या तोडल्या. आज थोडं माझ्याबद्दल सांगते. त्या दुपारी मला तोंड असतं, तर हे सांगायची वेळच आली नसती.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यातला. भट्टीची धग आणि धार लावणाऱ्या चाकाचा कर्कश आवाज, एवढंच तिथलं आठवतं. तिथून दुकानाच्या काचेत आले आणि काचेतून शिंपीआजोबांच्या हातात. आजोबांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतलेले. त्यांनी मला दोनदा हवेत उघडमीट करून पाहिलं, कानाशी धरून आवाज ऐकला आणि म्हणाले, "ही चालेल." इतक्या चटकन त्यांनी कुणालाच पसंत केलं नसावं. सुनेला पसंत करायला तर त्यांना तीन वर्षं लागली होती.

सून शहरात बस चालवायची. मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावरच. घरात उरले आजोबा, सून आणि सहा वर्षांची नात. ती एका जागी म्हणून ठरत नसे, त्यामुळे तिचं नाव पडलं भिंगरी.

घरामागच्या अंगणात दोन झाडं होती. गुलाब आजोबांचा, पिवळी कण्हेर सुनेची. सारखीच माती, सारखंच आकाश, पण दोघांच्या तऱ्हा दोन टोकांच्या.

गुलाब म्हणजे नुसते नखरे. पाणी सकाळीच हवं, तेही मुळाशी. पानं भिजली की लगेच काळे ठिपके. पाणी साचलं तर मुळं कुजणार, कमी पडलं तर कळ्या माना टाकणार. खत वेळेवर, मावा पडला की फवारणी. छाटणीचं तर विचारूच नका. बाहेरच्या अंगाला तोंड केलेला डोळा, म्हणजे फुटू पाहणारा कोंब, शोधायचा, त्याच्या जरा वर तिरका काप द्यायचा. आजोबा श्वास रोखून मला चालवायचे, जणू नवरदेवाचा कोट बेतताहेत. आणि इतकं करून तो बोचायचा तो बोचायचाच.

कण्हेर आली ती रस्त्याच्या दुभाजकावरून. सून रोज तिथून बस न्यायची. धूर, धूळ, रणरणतं ऊन, पाणी घालायला कुणी नाही, तरी ही बाई आपली फुललेली. सुनेनं एक दिवस तिथलं रोप आणून लावलं. आजोबांनी नाक मुरडलं. म्हणाले, रस्त्यावरचं झाड घरात आणलंस. त्यावर ती म्हणाली, "बाबा, मला लाड करायला वेळ नाही. मला न मागणारं झाड हवं."

आणि खरंच ती काही मागत नसे. पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी मिळालं तरी खूश. कुठूनही कापा, महिन्याभरात दुपटीनं फुटणार. ना काटा, ना कीड. एकदा शेजारची शेळी कुंपणातून आत शिरली. गुलाब बुंध्यापर्यंत ओरबाडून गेली, पण कण्हेरीला तिनं तोंडही लावलं नाही. सून हसली, आजोबा चार दिवस घुश्शात होते. मात्र शेळीनं ते झाड का सोडलं, हे दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

मला अंदाज होता. गुलाब कापला की माझं पातं नुसतं ओलसर व्हायचं. कण्हेर कापली की पांढराशुभ्र चीक ओघळायचा, दुधासारखा, आणि वाळला की गोंदासारखा धरून बसायचा. आजोबा मला काम झाल्यावर तेलाच्या फडक्यानं पुसायचे. त्या दिवशी तेवढं राहिलं.

त्या दिवशी सून कामावर होती. सकाळीच आजोबांनी गुलाबावर माव्याचं औषध फवारलं. मग त्यांना दिसलं की कण्हेर वाढून वाढून गुलाबाचं ऊन अडवतेय. सुनेला विचारायचं सोडून त्यांनी मला उचललं आणि रागारागानं फांद्यांचा ढीग पाडला. मला पायरीवर टाकलं, हात धुतले आणि आत जाऊन पाठ टेकली.

भिंगरी लिंबाच्या सरबताचा पेला घेऊन पायरीवर आली. ढिगातली एक सरळ, हिरवी काडी तिनं उपसली. टोकाला चिकाचा थेंब लोंबत होता. ती काडी तिनं सरबतात घातली, ढवळली, चाटली, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा ढवळली. मी तिच्यापासून वीतभर अंतरावर पडले होते. कापण्यासाठी जन्मलेली मी, पण ती एक काडी तिच्या हातातून सोडवणं मला जमेना.

तासाभरानं ती पोट धरून आजोबांकडे गेली आणि तिथेच ओकली. मग पुन्हा. आजोबांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट आली, ती फवारणीची बाटली. तिचे हात-तोंड धूत ते विचारत राहिले, बाटलीला हात लावलास का. ती आधी नाही म्हणाली, मग रडत म्हणाली, आठवत नाही.

सुनेला तीनदा फोन केला. बस चालवताना ती फोन घेत नसे. समोरच्या बेकरीवाल्यानं पावाची गाडी काढली. आजोबांनी एका हातानं नातीला उचललं, दुसऱ्यात बाटली घेतली, आणि कुणास ठाऊक का, पायरीवरून मलाही. चाळीस वर्षांची सवय असेल. जीव घाबरला की हात कात्री शोधायचा. गाडीभर त्यांनी मला असं आवळून धरलं होतं की माझी स्प्रिंग दुखली.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं बाटलीवरचं नाव वाचलं, भिंगरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"या औषधानं डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, लाळ गळते. हिला तसं काहीच नाही. पण नाडी फारच हळू चाललीय." तिनं विचारलं, घरात कुणी हृदयाच्या गोळ्या घेतं का? आजोबांनी नाही म्हणून मान हलवली. भिंगरीच्या छातीला लावलेल्या यंत्राचा ठोका पडायचा, मग पुढच्याची वाट पाहावी लागायची. त्या मधल्या जागेत आजोबा श्वासच घेत नसत.

तेवढ्यात नर्सबाई त्यांच्या मुठीतून मला सोडवायला आल्या. "आजोबा, ती द्या इकडे. कुणाला तरी लागेल." त्यांचं हातमोजा घातलेलं बोट माझ्या पात्याला चिकटलं. त्यांनी ते उजेडात धरलं.

"हा चीक कशाचा आहे?"

"कण्हेरीचा," आजोबा म्हणाले. "पिवळ्या."

डॉक्टरीणबाई गर्रकन वळली. भिंगरीजवळ वाकून तिनं अगदी हळू विचारलं, "त्या झाडाचं काही तोंडात घातलंस का, बाळा?"

"काडीनं सरबत ढवळलं," भिंगरी पुटपुटली. "कडू लागलं. म्हणून ओतून दिलं."

त्यानंतर सगळ्यांचे हात भराभर चालू लागले. डॉक्टरीणबाईनं आजोबांना सांगितलं, याचं विष थेट हृदयावर जातं. पोटात थोडंच गेलंय, पण दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बसावं लागेल.

सून आली ती वर्दीतच, बस दुसऱ्या चालकाच्या हवाली करून. कशानं झालं, तिनं विचारलं. आजोबांना म्हणता आलं असतं, तू आणलेल्या झाडानं. मी वाटच पाहत होते.

"मी छाटली," आजोबा म्हणाले. "तुला न विचारता. आणि ढीग तसाच टाकून झोपलो."

तिनं भिंगरीच्या कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाली, "आणली मी होती. काय आणतेय ते मीही कुणाला विचारलं नाही." आणि दोघं त्या यंत्रापुढे एकाच बाकावर बसून राहिली.

दोन दिवस त्यांचा जीव टांगणीला होता. तिसऱ्या सकाळी ठोके एका लयीत पडू लागले. भिंगरीनं विचारलं, पलंगावरून उतरू का?

पुढच्या सुट्टीला सासरा-सून दोघांनी जाड हातमोजे घालून कण्हेर मुळापासून काढली. जाळली नाही, धूरही बाधतो म्हणे. खोल खड्ड्यात पुरली. भिंगरी खिडकीतून बघत होती. तिनं विचारलं, "झाडानं मला मुद्दाम आजारी केलं का?"

"नाही गं," आजोबा म्हणाले. "झाडाला काय ठाऊक? ठाऊक आम्हाला हवं होतं."

मला त्यांनी साबणानं घासून धुतलं. पातं स्वच्छ झालं, पण एका जागी डाग राहिलाय. आता मी उंच खिळ्यावर असते. गुलाब अजूनही तेवढेच नखरे करतो, आणि त्याचे काटे मला हल्ली प्रामाणिक वाटतात.

जाता जाता एक मागणं. नवं झाड घरी आणाल तेव्हा त्याला पाणी किती, ऊन किती, हे विचारताच. जे काही मागत नाही, त्याची चौकशी जरा जास्त करा.