सावंगीला न दिसलेली उल्का

विज्ञानाला सत्याखेरीज काहीही लागत नाही. भूगोलाचे प्राध्यापक आप्पासाहेब यांना मात्र आणखी एक साक्षीदार लागत होता.

डिसेंबरातला उल्कावर्षाव दरवर्षीचाच. पण मंगळवारी दिवेलागणीला हर्सूलच्या बाजूला उतरलेला हिरवट गोळा वेगळाच होता. आप्पासाहेबांनी तो चिकलठाण्याच्या गच्चीवर वाळलेल्या चादरी काढताना पाहिला आणि नकाशावर रेघ मारली. दुसऱ्या गावाहून दुसरी रेघ मिळाली, की दोन्ही छेदतील तिथं दगड. मार्चात निवृत्ती होती. छत्तीस वर्षांत कॉलेजच्या संग्रहालयाला त्यांनी एकच वस्तू दिली होती : कुलूप.

शनिवारी ते होकायंत्र घेऊन सावंगीजवळच्या धनगरवस्तीवर गेले. तारा तुटला की कुणाचा तरी जीव जातो, आणि बोलून दाखवलं तर घरातलाच जातो, अशी तिथली समजूत. त्यामुळं वस्तीत कुणालाच काही दिसलं नव्हतं.

"किती वाजता दिसलं नाही?" त्यांनी वस्तीतल्या मुंजाबाला विचारलं.

"मेंढरं कोंडली तव्हा."

"आणि कुठल्या बाजूला?"

"सर, तुमी लई हुशार," मुंजाबा आवाज उतरवून म्हणाला, "पर आमची म्हातारी आजारी हाय."

"मुंज्या, खोटं कामून बोलतो?" अंगणातल्या बाजेवरून त्याची आई म्हाळसाबाई कडाडली. "म्या पाहिला की!"

"आई! आन बोलली नाय तू?"

"तू भ्याला असता. मला वाटलं, माझाच हाय. चार दिस तोंड धुऊन बसले, कुनी न्यायलाच येईना."

"म्हणजे तो तुमचा नव्हताच, मावशी," आप्पासाहेब म्हणाले. इतकं बिनपुराव्याचं विधान त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि इतक्या आनंदानं तर नाहीच.

"व्हय ना. मग मरायचंच नाय तर उपाशी कशाला?" म्हातारीनं सुनेला हाक मारली. "बाने, भाकर टाक गं!"

मग ती उठून बसली आणि काठीनं दाखवलं : त्या दोन बाभळींच्या मधून खाली गेला. मुंजाबानं लगेच आईची काठी दोन बोटं डावीकडं सरकवली. बानाबाईनं तव्यावरूनच ती एक बोट परत उजवीकडं घ्यायला लावली. न दिसलेल्या गोळ्यावरून वस्तीत अर्धा तास भांडण झालं.

भाकर खाऊन आप्पासाहेबांनी बाजेवरच नकाशा पसरला आणि दुसरी रेघ मारली. दोन्ही रेघा हर्सूल तलावाच्या मधोमध छेदल्या. यंदा तलाव काठोकाठ भरला होता.