कार्डाची मागची बाजू

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे आणि आधीच कबूल करते, मला थोडी घमेंड आहे. माझ्यात दागिने नाहीत की खाऊ नाही. माझ्यात प्रश्न आहेत, दोन हजारांच्या वर. कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात दरवर्षी दिवाळीनंतर प्रश्नमंजूषा स्पर्धा होते. तिचे सगळे प्रश्न माझ्याच पोटातून निघतात.

माझा जन्म मोडक्या बाकांतून झाला. चाळीस वर्षांपूर्वी भूगोलाचे गणपतराव सर बाकांच्या फळ्या घेऊन यल्लाप्पा सुतारांकडे गेले. सर म्हणाले, "पेटी घट्ट पाहिजे. आत कागद राहणार आहेत." यल्लाप्पांनी फळीवर बोटं वाजवली. "गुरुजी, अशी करतो की तुमची नातवंडं हिच्यावर उभारली तरी कुरकुरायची न्हाय!" त्यांनी मला पाच कप्पे केले. इतिहास, भूगोल, विज्ञान, भाषा आणि पाचवा 'इकडचं तिकडचं'. झाकणाच्या आतल्या बाजूला सरांनी स्वतः रंगानं लिहिलं, 'आधार नाही, तो प्रश्न नाही.'

हाच माझा कायदा. कार्डाच्या पुढच्या बाजूला प्रश्न आणि उत्तर. मागच्या बाजूला उत्तर कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर सापडलं ते, आणि खाली दोन सह्या. एक प्रश्न काढणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. स्पर्धेत कुठल्याही मुलाला उत्तर पटलं नाही, तर त्यानं नुसतं म्हणायचं, "मागं बघा." मग विचारणाऱ्यानं कार्ड उलटून मागची बाजू मोठ्यानं वाचायचीच. समोर कुणीही बसलेलं असो.

मी तयार झाले त्याच दिवशी नमुना म्हणून सरांनी पहिलं कार्ड लिहिलं. पंचगंगा नदी किती नद्यांच्या संगमानं होते? उत्तर, पाच. घाईघाईनं त्यांनी ते भूगोलाच्या कप्प्यात टाकलं. माझ्या पोटातलं पहिलं कार्ड म्हणून मला त्याचं फार कौतुक होतं.

मग काय वर्षं होती ती! शिरोळहून, नेसरीहून संघ यायचे. सर प्रश्नांच्या बाबतीत भारी कडक होते. एकदा एका शिक्षकांनी जोतिबाच्या डोंगराच्या पायऱ्या किती, असा प्रश्न काढला. सर म्हणाले, "मोजल्या का?" ते बिचारे रविवारी गेले आणि चढताना एक आकडा, उतरताना दुसराच घेऊन आले. कार्ड माझ्यात आलं नाही. "आमच्या पेटीतनं चुकीचं कार्ड निघत न्हाय," असं मुलं गावोगाव सांगायची. ते ऐकून मी फुगत असे.

सर निवृत्त झाले. पुढे मोबाईल आले. सयाजी सर नावाचे नवे शिक्षक म्हणाले, "पेटी कशाला? एका मिनिटात पन्नास प्रश्न काढून देतो की." मी कपाटावर गेले. माझ्या डोक्यावर हवा गेलेले फुटबॉल येऊन बसले. ते सुद्धा निमूटपणे सोसलं, पण खाली जे ऐकू यायचं ते सोसवत नव्हतं. एकदा एकच प्रश्न दोन फेऱ्यांत आला आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळं. पालक मंचावर चढले. माईकची ओढाओढ झाली. मुलं मात्र खाली मान घालून बसली होती. चूक त्यांची नसताना!

दुसऱ्याच दिवशी क्रांती मॅडमनी मला खाली उतरवलं. त्या गणपतराव सरांच्याच विद्यार्थिनी, आता इथल्याच शिक्षिका. सयाजी सरांनीही मग मुकाट्यानं फुटबॉल उचलले. दोघांनी उन्हाळ्याची सुट्टी खर्चून एकेक कार्ड तपासलं, जुनी झालेली उत्तरं काढून टाकली. फक्त गणपतराव सरांच्या अक्षरातली कार्डं क्रांती मॅडमनी उलटूनही पाहिली नाहीत. "सरांचं काय तपासायचं?" त्या म्हणाल्या. मला तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं. आणि खरं सांगू? आत कुठंतरी धस्सही झालं. कारण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून माहीत होती.

गेल्या वर्षीची अंतिम फेरी. एका बाजूला आमच्याच शाळेचा संघ, दुसऱ्या बाजूला संगमाकाठच्या एका गावातला संघ. त्या संघाची म्होरकी होती प्रीती, नववीतली. तिच्या गावातल्या शाळेनं आजवर या स्पर्धेची मानाची ढाल कधी जिंकली नव्हती. गुण समसमान झाले. शेवटचं एक कार्ड आणि दहा गुण. पहिल्या रांगेत ऐंशी ओलांडलेले गणपतराव सर प्रमुख पाहुणे म्हणून बसले होते.

क्रांती मॅडमनी हात घातला आणि निघालं ते माझं पहिलं कार्ड.

"पंचगंगा नदी किती नद्यांच्या संगमानं होते?"

याआधी तीनदा हा प्रश्न विचारला होता. तीनदा 'पाच' असं उत्तर आलं होतं आणि टाळ्या पडल्या होत्या. प्रीती म्हणाली, "चार."

सभागृह हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, नावातच पाच हाय की!" प्रश्न आमच्या संघाकडे गेला. "पाच!" दहा गुण मिळाले. ढोल वाजायला लागला. ढालीवरचं कापडसुद्धा निघालं.

प्रीती उभीच होती. "मॅडम, मागं बघा."

मॅडमनी कार्ड उलटलं. मागची बाजू कोरी होती. ना पुस्तक, ना पान, ना सही.

मित्रांनो, हेच मला माहीत होतं. चाळीस वर्षं मी ते कार्ड मिरवलं आणि त्याची कोरी पाठ लपवली. पेटीला झाकण असतं, जीभ नसते. पण जीभ असती तरी मी बोलले असते का, याची मला खात्री नाही.

"सरांचं अक्षर हाय! आणखी आधार कशाला पाहिजे?" कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात गणपतराव सर काठी टेकत मंचावर आले. त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि दोन्ही बाजू उलटून पाहिल्या.

"माझं अक्षर हा आधार न्हाय," ते म्हणाले. "कोल्हापूरच्या माणसाला पंचगंगेचं काय तपासायचं, असं वाटलं मला. पोरी, तू चार कशी म्हणालीस?"

"सर, आमचं घर संगमाजवळ हाय. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी. एवढ्याच हायत्या दिसणाऱ्या. पाचवी सरस्वती, ती गुप्त हाय म्हणत्यात."

सरांनी ग्रंथालयातून जिल्ह्याच्या माहितीचा जाडजूड ग्रंथ मागवला. सयाजी सर धावत घेऊन आले. त्यात तिनं सांगितलं तसंच होतं. चार प्रवाह, आणि परंपरेनं मानलेला पाचवा.

सर माईकजवळ गेले. "ज्या प्रश्नाला दोन खरी उत्तरं, तो प्रश्नच खोटा. पोरीचं चुकलं न्हाय, आमच्या पोरांचंबी चुकलं न्हाय. चूक माझी हाय. प्रश्न बाद. दुसरं कार्ड काढा."

ढोल थांबला. मला वाटलं, आज आपली अब्रू गेली.

दुसरं कार्ड निघालं. माणसाच्या शरीरातलं सर्वांत लहान हाड कुठे असतं? प्रीतीनं विचार केला. "नाकात." आमचा संघ म्हणाला, "कानात." प्रीतीनं पुन्हा हात वर केला. "मागं बघा." मॅडमनी वाचलं. पुस्तक, पान, दोन सह्या. प्रीतीनं मान हलवली. "आता पटलं," ती म्हणाली आणि बसली. ढाल आमच्याकडेच राहिली. त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडावर तक्रार नव्हती.

समारंभ संपल्यावर सरांनी तिला हाक मारली. जुन्या कार्डावर प्रश्न दुरुस्त केला, 'ज्यांच्या संगमानं पंचगंगा होते, त्या डोळ्यांनी दिसणाऱ्या नद्या किती?' उत्तर, चार. मागे ग्रंथाचं नाव आणि पान लिहून स्वतःची सही केली. मग पेन तिच्या हातात दिलं. "तपासणाऱ्याची सही राहिली हाय."

मुलांनो, फोनवरचा प्रश्न असो, पुस्तकातला असो, नाही तर तुमच्या सर्वांत आवडत्या गुरुजींचा असो, विचारण्याआधी तो एकदा उलटून बघा. आणि कुणी उभं राहून 'मागं बघा' म्हणालं, तर त्याला हसू नका. पूर्वी मला घमेंड होती ती कधीच न चुकल्याची. आता माझ्या भूगोलाच्या कप्प्यात सगळ्यांत वर एक पिवळं पडलेलं कार्ड आहे. त्याच्या मागे दोन सह्या आहेत. एक थरथरती आणि एक नववीतल्या मुलीची, अगदी ठळक.